दुसरी पसंती

अजिंठ्याची लेणी पाहावयास येणारे बहुतेक लोक पद्मपाणीच्या चित्रापाशी थांबतात, काही थोडे मान वर करून छताकडे पाहतात, आणि ज्या खोल्यांतून भिक्षू प्रत्यक्ष राहत असत त्या अंधाऱ्या, रिकाम्या खोल्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मला मात्र अलीकडे त्या खोल्यांविषयीच अधिक कुतूहल वाटू लागले आहे. पावसाळ्याचे महिनेच्या महिने वीस-पंचवीस माणसे एका छपराखाली राहावयाची, म्हणजे मतभेद हे व्हावयाचेच. मग ती माणसे कितीही विरक्त असोत. बौद्ध संघाने ही गोष्ट ओळखली होती. विनयपिटकातील चुल्लवग्गात तिची तरतूद आहे. वाद मिटेनासा झाला की भिक्षूंना शलाका, म्हणजे लाकडाच्या लहान काड्या, वाटाव्यात व बहुमत पाहावे, असे तेथे सांगितले आहे. हे काम करणाऱ्या भिक्षूला शलाकाग्राहापक म्हणत. मत घेण्याचे प्रकारही तीन : गुप्तपणे, कानात कुजबुजून आणि उघडपणे. गुप्त मतदानासाठी निरनिराळ्या रंगांच्या शलाका करावयाच्या. आपली मतपत्रिका व आपला मतदान-अधिकारी यांचे हे पूर्वज पाहून कोणाही भारतीयाला अभिमान वाटावा. आणि संघाची ही पद्धती डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात अभिमानाने सांगितलीही होती.

परंतु त्याच प्रकरणात आणखी एक कलम आहे, आणि अभिमानाच्या भरात ते सहसा कोणी वाचून दाखवीत नाही. गुप्त मोजणीत अधर्माच्या बाजूच्या शलाका अधिक भरल्या, तर 'शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत' असे म्हणून शलाकाग्राहापकाने ती मोजणी रद्द करावी, असे तेथे म्हटले आहे. धर्म कोणता हे ठरविणे संघात कदाचित सोपे असेल. पण ज्याच्या हाती मोजणी आहे, त्याला निकाल आवडला नाही म्हणजे दोष मोजणीच्या रीतीत आहे असे वाटू लागते, हा मनुष्यस्वभाव त्या प्राचीन ग्रंथकाराच्या नजरेतून सुटला नव्हता, इतके मात्र खरे.

हे कलम मला आठवले ते अमेरिकेतील वृत्ते वाचीत असता. तिकडे काही शहरांत व राज्यांत मतदाराने एकाच उमेदवारापुढे खूण न करता पहिला, दुसरा, तिसरा असा पसंतीक्रम लावावा, अशी पद्धत सुरू झाली आहे. कोणालाच निम्म्याहून अधिक पहिल्या पसंतीची मते पडली नाहीत, तर सर्वांत मागे असलेला उमेदवार गळतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरील पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांस मिळतात. मेन राज्यात लोकांनी २०१६ साली कौल देऊन ही पद्धत स्वीकारली. अलास्कात २०२० साली. मेम्फिस शहराने तर २००८ सालीच ती पसंत केली होती, आणि अंमलबजावणी होण्यापूर्वीच ती मोडीत काढावी असा प्रस्ताव २०१८ साली पुढे आला तेव्हा तेथील मतदारांनी तो फेटाळला. इतके झाल्यावर २०२२ साली टेनेसी राज्याच्या विधिमंडळाने कायदाच केला की राज्यातील कोणत्याही निवडणुकीत ही पद्धत वापरता कामा नये. त्याच वर्षी फ्लोरिडाने तसेच केले. पुढे ही लाट पसरली आणि दहाहून अधिक राज्यांनी असे निषेधाचे कायदे केले. मिसूरीत मात्र २०२४ च्या नोव्हेंबरात खुद्द मतदारांनीच राज्यघटनेत ही बंदी घातली. त्या निर्णयाची प्रतिष्ठा मी वेगळी मानतो. आणि त्याच महिन्यात अलास्कात ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव तीन लाखांहून अधिक मतांत हजाराच्या आतील फरकाने पडला.

बंदी घालणाऱ्यांचे मुख्य कारण एकच असते : सामान्य मतदार गोंधळून जाईल. आता, ही करुणा लोकांच्या गोंधळाविषयी आहे की निकालाविषयी, हे ज्याचे त्याने पाहावे. न्यूयॉर्क शहरात १९३७ पासून जवळजवळ दहा वर्षे नगरसभेची निवडणूक याच जातीच्या पद्धतीने होत होती. तीमुळे साम्यवादी सभासद निवडून येऊ लागले, आणि १९४७ साली ती पद्धत गेली. तोपर्यंत गोंधळाचे काय झाले होते, ते इतिहास सांगत नाही.

आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल की हे परमुलुखातील भांडण घेऊन अजिंठ्याच्या मास्तराने का बसावे? त्याचे उत्तर असे की हा पसंतीक्रम आपल्याकडे मुळीच नवा नाही. तो आपल्या राज्यघटनेतच आहे, आणि मी स्वतः गेली कित्येक वर्षे त्याच्या आधारे मत देत आलो आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यसभेचे सभासद आणि विधानपरिषदेतील निर्वाचित सभासद 'एकल संक्रमणीय मताने' निवडले जातात, हे शब्द आपल्या घटनेत आहेत. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतील पदवीधर आपला एक प्रतिनिधी विधानपरिषदेवर पाठवितात, शिक्षक दुसरा. त्यासाठी दर वेळी नव्याने नाव नोंदवावे लागते. पदवीचे प्रमाणपत्र कपाटात कोठे ठेवले होते याचा दर सहा वर्षांनी घरोघर शोध चालतो, आणि कैक पदवीधर या शोधातच गळतात.

मतदानाच्या खोलीत यंत्र नसते. एक लांबलचक कागद मिळतो, जांभळ्या शाईचे एक पेन मिळते, आणि तेच वापरावयाचे असते. नावांपुढे आकडे घालावयाचे : मराठी घाला, रोमन घाला, आंतरराष्ट्रीय घाला, परंतु 'एक' असे अक्षरांत लिहू नका, बरोबरची खूण करू नका, सही करू नका, आणि पहिल्या पसंतीचा आकडा एकाच नावापुढे घाला. याहून सोपी परीक्षा मी माझ्या उभ्या आयुष्यात कोणत्याही वर्गाची घेतलेली नाही. आणि तरीही २०२० च्या डिसेंबरात आमच्या मतदारसंघाची मोजणी झाली तेव्हा बाद मतांची संख्या हजारांत गेली! सतीश चव्हाणांनी त्या वेळी पहिल्याच पसंतीत १,१६,६३८ मते मिळवून शिरीष बोराळकरांचा पराभव केला, म्हणून बाद मतांची चर्चा फारशी झाली नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत अमरावतीस पदवीधरांची मोजणी झाली, तीत पहिल्या पसंतीने कोणीच कोटा गाठला नाही. एकेक उमेदवार बाद करीत मोजणी दिवस उलटून गेला तरी चालू होती, आणि अखेर धीरज लिंगाडे निवडून आले. तेथेही बाद मते हजारांनी होती.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या नावामागे डॉक्टर आहे, नावापुढे इतर अक्षरांची रांग आहे. त्यांनी आपल्या आवडत्या उमेदवारापुढे बरोबरची ठसठशीत खूण केली, आणि बाहेर येऊन ती गोष्ट मोठ्या समाधानाने आम्हांस सांगितली. आम्ही चुकीची जाणीव करून दिली तेव्हा ते म्हणाले, "अहो, माझा आशय तर स्पष्ट आहे ना!" जन्मभर विद्यार्थ्यांचे आशय स्पष्ट असताना गुण कापणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकण्यात एक निराळीच गोडी होती.

सांगावयाचा मुद्दा हा की गोंधळ हा अक्षरशत्रूंचा मक्ता नाही. आणि येथेच आपल्या इतिहासातील एक विलक्षण गोष्ट येते. १९४९ च्या जानेवारीत घटना समितीत लोकसभेच्या निवडणुकीचे कलम चर्चेस आले, तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी, अल्पसंख्याकांना व लहान पक्षांना वाव मिळावा म्हणून, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या बाजूची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांची कारणे दोन होती. एक, अशाने विधिमंडळात लहान लहान गट होऊन सरकार स्थिर राहणार नाही. दुसरे, या पद्धतीस साक्षरता लागते. निदान आकडे ओळखता यावेत व ते मतपत्रिकेवर घालता यावेत इतकी तरी लागते, आणि देशाची साक्षरता पाहता ती गृहीत धरता येत नाही. त्या काळी हे म्हणणे अगदी यथार्थ होते. १९५१ च्या जनगणनेत शंभरांत जेमतेम अठरा माणसे साक्षर निघाली, आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तर प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह, अशी व्यवस्था करावी लागली. निजामाच्या राज्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या आमच्या या मुलखाला त्याहून अधिक काही मागण्याचा तेव्हा अधिकारही नव्हता.

विलक्षण गोष्ट ती ही की स्वतः आंबेडकर १९४६ साली घटना समितीत आले ते याच संक्रमणीय मताच्या दारातून. मुंबई प्रांताच्या विधिमंडळात त्यांच्या पक्षाला बळ नव्हते. बंगालच्या विधिमंडळातून, जोगेंद्रनाथ मंडल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने, ते निवडून आले. साध्या बहुमताने प्रत्येक जागा भरावयाची असती, तर बहुसंख्याकांनी सगळ्या जागा घेतल्या असत्या व मूठभर मतांचे मोल शून्य झाले असते. मतांचा ठरावीक कोटा भरला की जागा मिळते, आणि उरलेली मते पुढच्या पसंतीकडे वाहतात, या व्यवस्थेमुळेच त्या मुठीला आपला माणूस पाठविता आला. ज्या पद्धतीने आपल्याला घटनाकार दिला ती पद्धत त्या घटनाकाराने सामान्य मतदाराच्या हाती देण्याचे नाकारले, यात मला विसंगती दिसत नाही. त्याने परिस्थिती पाहून निर्णय दिला होता. परंतु परिस्थिती बदलली तर निर्णयाचा फेरविचार व्हावयास हवा की नको? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरांत ब्याऐंशी माणसे साक्षर आढळली. राहिलेल्या अठरांनाही आकडे येत नाहीत असे म्हणण्याचे धाडस, ज्याने आमचा आठवड्याचा बाजार पाहिला आहे तो करणार नाही.

आमच्याकडे दूध घालावयास येणाऱ्या मावशी शाळेत गेलेल्या नाहीत. हिशेब मात्र त्यांचा चोख. महिन्याच्या अखेरीस माझ्या पदवीधर घराने केलेली बेरीज त्या ऐकून घेतात आणि दुरुस्त करतात. शेजारच्या एका लहान गावी त्यांचे मत आहे. तेथे सरपंचपदासाठी तिघे उभे होते : दोन वजनदार घरांतील दोघे, आणि बचतगटात काम केलेली एक बाई. मावशींच्या तोंडी सारा महिनाभर त्या बाईचेच गुण होते. निवडणूक झाल्यावर मी विचारले, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "नाही सर, तिला नाही दिलं. ती पडणारच व्हती. मत वाया कशाला घालू? तो दुसरा नको निवडून यायला, म्हणून पहिल्याला टाकलं." त्यांच्या आवाजात खंतही नव्हती. आपण गहू मागावा आणि दुकानात ज्वारीच असावी, इतक्या स्वाभाविकपणे त्यांनी ते सांगितले.

त्या बाईला किती मते पडली, हे मला ठाऊक आहे, थोडी पडली. परंतु मावशींसारख्या किती जणींनी आपली इच्छा घरी ठेवून आपली भीती मतपेटीत टाकली, हा आकडा कोणत्याही निकालपत्रकात येत नाही. मी ओट्यावर चिंचोके मांडून त्यांना पसंतीक्रमाची रीत सांगितली. तीन वाट्या, पहिलीत एक चिंचोका, दुसरीत दोन. "म्हंजी ती पडली तर माझं मत ह्याच्याकडं जाईल?" एवढा एकच प्रश्न त्यांनी विचारला, आणि तोच नेमका प्रश्न होता. पुढे म्हणाल्या, "मग तर तिलाच दिलं असतं की." समजावयास त्यांना चार मिनिटे लागली असतील. वर सांगितलेल्या विद्वान गृहस्थांस अजूनही ते पटलेले नाही.

सरपंचाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. निवडणुकीची रीत वरून ठरविण्यात आपली राज्यसत्ता टेनेसीच्या मागे नाही. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने कायदा केला की सरपंच थेट लोकांनी निवडावा. पुढे दुसरे सरकार आले व त्याने २०२० साली ठरविले की नाही, सदस्यांनीच निवडावा. २०२२ साली तिसरे आले आणि पुन्हा लोकांवर सोपविले. महानगरपालिकांच्या प्रभागांत एक सदस्य असावा की चार, याचेही असेच मागेपुढे झाले. या सर्व घालमेलीत एकदाही एखाद्या ग्रामसभेला कोणी विचारले नाही की बाई, तुम्हांस काय सोयीचे वाटते? थेट निवडीच्या बाजूने व विरुद्ध बोलावयास पुष्कळ जागा आहे, आणि ते बोलणारे प्रामाणिक असू शकतात. परंतु सरकार बदलले की रीत बदलते, हा योगायोग तीनदा घडला म्हणजे त्याला योगायोग म्हणण्याचा कंटाळा येतो.

पसंतीक्रमात दोष नाहीत असे मी मुळीच म्हणत नाही. ज्याने एकच आकडा घातला त्याचे मत, तो उमेदवार गळताच, मोजणीतून नाहीसे होते. आणि पुष्कळ मतदार एकच आकडा घालतात, कारण पक्षांचे कार्यकर्ते दारोदार तेच शिकवून जातात. मोजणी लांबते, सामान्य माणसाला ती डोळ्यांनी पडताळता येत नाही. निकाल कधी कधी असा लागतो की पाहणारा थक्क व्हावा. १० जून २०२२ रोजी महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहा जागांसाठी सात उमेदवारांत निवडणूक झाली. संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ मते, धनंजय महाडिक यांना २७. आणि निवडून आले महाडिक. त्यांच्या पक्षाच्या दोन उमेदवारांना प्रत्येकी ४८ मते पडली होती, कोट्याहून जास्तीची ती मते दुसऱ्या पसंतीने खाली वाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर 'सहा मतांनी पुढे असलेला हरतो कसा?' हा प्रश्न ज्याने त्याने ज्याला त्याला विचारला. उत्तर गणिताचे आहे आणि बरोबर आहे. परंतु हरलेल्याच्या माणसाला ते समजाविताना गणित कामास येत नाही, हेही मी अनुभविले.

तरी या पद्धतीचे खरे रूप मला दिसते ते १९६९ च्या राष्ट्रपतीच्या निवडणुकीत. गिरी आणि संजीव रेड्डी यांच्या झुंजीची कथा सर्वांस माहीत आहे. तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख होते, हे आता मराठी घरांतूनही विसरले गेले आहे. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रातील अर्थमंत्रिपद सोडून देणारा हा मनुष्य. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मूल्याची मते पडली, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. कोटा होता ४,१८,१६९. तो कोणीच गाठला नव्हता. मग एकेक उमेदवार गळत गेले, आणि देशमुखांच्याही मतपत्रिका पुन्हा उघडून त्यांवरील दुसरा आकडा पाहिला गेला. त्यांतील फार मोठा भाग रेड्डींकडे गेला, तरी गिरी ४,२०,०७७ वर पोचून निवडून आले व रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत दुसरी पसंती मोजावी लागली ती आजवर एवढ्या एकाच वेळी.

देशमुख हरले, हे तर खरेच. परंतु ज्यांना ते हवे होते त्यांनी आपली पहिली इच्छा निर्भयपणे लिहिली, आणि ती निष्फळ होताच उरलेल्या दोघांतही त्यांना बोलता आले. त्यांचे मत वाया गेले असे कोणी म्हणू शकत नाही. देशाचे आमदार-खासदार ज्या सवलतीने मत देतात ती दूध घालणाऱ्या मावशींना नाही, आणि का नाही याचे जे कारण १९४९ साली होते ते आता उरलेले नाही. एखाद्या ग्रामपंचायतीने वा नगरपालिकेने ही रीत करून पाहावी आणि न मानवल्यास टाकून द्यावी. अलास्काच्या लोकांनी ती जवळजवळ टाकलीच होती, त्यात गैर काही नव्हते. करून पाहण्यासच बंदी करणारा कायदा मात्र मला शलाकाग्राहापकाच्या त्या कलमासारखा वाटतो. भेद इतकाच की येथे शलाका वाटण्यापूर्वीच त्या वाईट रीतीने घेतल्या गेल्या असे ठरविले जाते.

मी स्वतः पदवीधरांच्या मतपत्रिकेवर शेवटच्या नावापर्यंत सर्व आकडे घालतो. माझे सहकारी याला विक्षिप्तपणा समजतात. बाहेर त्यांची दोन मिनिटे आटोपलेली असतात, आणि मी आत आठव्या व नवव्यांत कोण अधिक सुसह्य याचा विचार करीत उभा असतो. गेल्या खेपेस ज्यांना मी अगदी शेवटचा आकडा दिला ते गृहस्थ अधूनमधून बसस्थानकावर भेटतात. मोठ्या आदराने नमस्कार करतात, चहाचा आग्रह करतात, आणि पुढच्या वेळीही लक्ष असू द्या म्हणतात.